उशीखालची पँट

"पाय लांब केलाय त्यानं. सरळ सरळ लांब केलाय, आणि तुम्ही सगळे मिळून मला वेड्यात काढताय," असं म्हणून बाबांनी वॉकर भिंतीकडे ढकलून दिला. वॉकर पडला नाही. थोडा सरकला आणि आपल्या चार रबरी पायांवर गुपचूप उभा राहिला. सध्या आमच्या घरात एवढं समंजस दुसरं कुणी नाही. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहते आणि ऑपरेशन झाल्यापासून सकाळचा चहा आमच्याकडेच घेते. ती कपातनं तोंड वर न काढता म्हणाली, "तुझी अक्कल आधीपासून गुडघ्यात होती. त्यांनी गुडघाच काढून टाकला, आता कुणाशी बोलायचं?" मला हसू फुटलं. बाबांना ते झोंबलं, आणि बाबांना काही झोंबलं की ते माझ्या शाळेवर येतात, हे ठरलेलं आहे. म्हणाले, ज्याला शाळेनं हाकललं त्यानं दुसऱ्याच्या पायाला हसू नये. मी म्हटलं हाकललं नाही, मी सोडली, आणि हे सांगताना माझा आवाज नको तेवढा चढला. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू होतं. आमचं जुंपलं तसा त्याचा वेग वाढला. आई भांडत नाही, मशीन चालवते. कुठली ओळ रागाची आणि कुठली कामाची, हे मला भिंतीच्या अलीकडनं कळतं. आत्ताची ओळ रागाची नव्हती. भित्री होती. थोडी धावायची, थांबायची, परत धावायची.

प्रकरण तसं साधं आहे. बाबांचा डावा गुडघा बदललाय. झिजलेला काढून धातूचा आणि प्लास्टिकचा बसवलाय, आणि नवा गुडघा हलवत राहिलं नाही तर जाम होतो. घरी सोडताना डॉक्टरांनी दोनदोनदा बजावलं होतं, रोज खाटेच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचा, टाच मागं ओढायची. दुखलं तरी ओढायची. तपासणीला याल तेव्हा खुर्चीत बसल्यासारखा वाकला पाहिजे, नाहीतर परत भूल देऊन आम्हाला तो जोर लावून वाकवावा लागेल. तपासणी उद्या आहे. आणि रविवारपासून बाबांनी टाच मागं ओढलेली नाही. संप. गुडघा फुगून बसलाय, वर लांब शिवण, आणि शिवणीच्या बाजूला जुन्या ऑपरेशनची पांढरी पडलेली रेघ. दोन रस्ते शेजारून जावेत आणि कुठंच मिळू नयेत तसं दिसतं. मी बघायचं टाळतो, पण माझी नजर तिथंच जाते. नजरेचं ऐकायला मी काय शाळेतला मुलगा आहे? तरी ऐकतो.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल असतात, एक ब्रेक आणि एक क्लच. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांच्या पायाखालचा क्लच बाबांच्या डाव्या पायानं दाबलेला आहे, त्यांना पत्ता न लागता. एकदा मला म्हणाले होते, माणूस शिकतो ते आपण गुपचूप क्लच दाबतो म्हणून, त्याला वाटतं आपणच वळवली. गुडघा वाकला नाही तर पाय त्या पेडलवर पोचणार नाही. मग ड्रायव्हिंग स्कूलचे मालक त्यांना ऑफिसात बसवणार, टेबलामागं, फोन घ्यायला. बाबा टेबलामागं. मला ते चित्र सहन होत नाही. ते बसले की हात हवेत गिअर शोधतात, जेवतानासुद्धा. असा माणूस टेबलामागं ठेवला तर दोन दिवसांत टेबल चालवायला लागेल.

रविवारी काय झालं, तर त्यांच्याकडं शिकलेली एक बाई भेटायला आली, आता स्वतः टॅक्सी चालवते. पाहुण्यासमोर अर्ध्या चड्डीत नको म्हणून बाबांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदा पँट घातली, ती कॉफी रंगाची, आवडती, आणि खाली बूटमोजेही. मीच हात धरून उभं केलं. उजव्या पायाची दुमड बुटावर नेहमीसारखी टेकली. डाव्या पायाची घोट्याच्या वर राहिली, मोज्याची पट्टी दिसत होती. बाबांनी पँट खाली ओढली. परत वर गेली. बाईला बिचारीला काही कळलं नाही, ती आपली एका वळणावरच्या खड्ड्याबद्दल सांगत होती. बाबा बघत होते आपल्या पायाकडे, जसं गाडी धुऊन आणल्यावर कुणी ओरखडा बघावा. बाई गेल्यावर म्हणाले, या पोरगेल्या डॉक्टरानं माझा पाय लांब करून ठेवलाय. आता मी आयुष्यभर एका बाजूला कलून चालणार. आणि असल्या बिघडलेल्या पायाचा व्यायाम करून मी तो पक्का करू? जोवर तो डॉक्टर चूक कबूल करत नाही तोवर मी टाच हलवणार नाही. ती पँट त्यांनी घडी करून उशीखाली ठेवली. पुरावा म्हणून. उद्या तपासणीला घालून जाणार आहेत, सगळ्या पेशंटांसमोर उभं राहून दाखवणार आहेत.

ते असंच करणार, मला माहीत आहे, कारण मीही असंच केलं असतं. राग आमच्याकडे बाबांकडनं माझ्याकडे आलाय, नाक आलंय तसा. आणि डॉक्टरची चूक नाही हेही मला माहीत आहे. हेच अवघड आहे. मला सगळं माहीत आहे आणि बोलायचं नाही, आणि तोंड बंद ठेवणं हा माझा विषयच नाही.

मला ते जुनं ऑपरेशन आठवतं, तुकड्यातुकड्यांनी. मी एवढासा होतो. बाबांचा डावा पाय तेव्हा फेंगडा होता, गुडघ्यातनं बाहेर वाकलेला. ते उभे राहिले की दोन पायांच्या मधनं मला पलीकडचा दरवाजा दिसायचा, आणि मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांना अशी खिडकी असते. मग एक दिवस ते प्लॅस्टर घेऊन आले आणि खिडकी बंद झाली होती. प्लॅस्टरचा थंड, भिंतीसारखा वास अजून नाकात आहे. मी त्यावर पेन्सिलनं गाड्या काढल्या होत्या. त्या जुन्या डॉक्टरनं काय केलं होतं ते मला आत्ता आत्ता कळलं, टायरच्या दुकानात लागल्यावर. आमच्याकडं गाडी येते, टायर आतल्या बाजूनं पार घासलेला, बाहेरनं कोरा. गाडीवाले विचारतात, टायर बदलायचा का? आमचा वस्ताद, दुकानातला मोठा मिस्त्री, म्हणतो, आधी चाक सरळ करा, आहे तोच टायर अजून पळेल. तेच. गुडघ्याची आतली बाजू झिजत होती, म्हणून गुडघ्याखालचं हाड कापलं, कलिंगडाची फोड काढावी तशी त्यातनं पाचर काढली, फट मिटवली, वर पट्टी ठेवून स्क्रू पिळले. पाय सरळ. भार बाहेरच्या बाजूवर. खूप वर्षं पळाला. पण फोड काढलेलं कलिंगड मिटवलं तर ते आधीएवढं राहत नाही. पाय थोडासा आखूड झाला. बोटाच्या रुंदीएवढा असेल. हे बाबांना कधी कळलं नाही, आणि का कळलं नाही, ते आमच्या घरातलं गुपित आहे.

शाळा सोडल्यावर मी काही महिने आईच्या हाताखाली बसलो होतो. घरातली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. मी काजं करायचो, बटणं लावायचो, इस्त्री फिरवायचो, आणि चिडून अर्ध्यात उठायचो. एकदा बाबांची नवी पँट टेबलावर पडली होती, खडूच्या खुणा केलेली. उजव्या पायाची खूण एका ठिकाणी, डाव्याची तिच्या वर. मी म्हटलं, आई, चुकलीस. तिनं सुई तोंडात धरून मान हलवली, नाही. मी पट्टी लावून दाखवायला गेलो तर तिनं माझ्या हातावर पट्टीच मारली. मग सांगितलं, हळू आवाजात, मशीन चालू ठेवून. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी बाबांनी हौसेनं पँट घातली आणि जिना उतरायला लागले, तर डावी दुमड टाचेखाली आली. त्यांनी खाली बघितलं. परत उजवीकडे बघितलं. आणि तिथंच पायरीवर बसले, येणारे-जाणारे वळसा घालून जात होते तरी उठेनात. आईनं त्यांना वर आणलं, म्हणाली धुण्यात कापड ओघळलंय, द्या इकडं. उसवली, वर घेतली, तुरपाई केली, हातात दिली. घातली तर दोन्ही सारख्या. त्या संध्याकाळी बाबा तीनदा जिना चढले-उतरले. तेव्हापासून त्यांची एकेक पँट आई अशीच शिवते. "पुरुषाला काही गोष्टी नाही कळल्या तरी चालतं," ती म्हणाली, "सरळ चालतो ना, झालं." आणि बाबा गावभर सांगत फिरले, आपला डॉक्टर म्हणजे देवमाणूस, हाड कापलं पण केसाचा फरक नाही, बघा, दोन्ही दुमडी कशा टेकतात.

नव्या डॉक्टरनं तर ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. मी तिथंच होतो, एक्सरेच्या उजेडासमोर. हाडात ते जुने स्क्रू चमकत होते, भिंतीत कुणी खुंट्या मारून विसरून जावं तसे. डॉक्टर म्हणाले, आधी हे काढावे लागतील, एखादा निघायला त्रास देईल, आणि हाडाचा आकार मूळचा राहिलेला नाही, म्हणून नेहमीपेक्षा वेळ लागेल. आणि हा पाय आखूडही आहे थोडा, गुडघा पूर्ण सरळ होत नाही म्हणून जास्तच वाटतो, तो आता सरळ होईल, म्हणजे पाय दुसऱ्याच्या बरोबरीला येईल. बाबा हसले. खुर्चीतनं उठले, कुबडीवर भार देऊन दोन्ही पाय जवळ घेतले आणि म्हणाले, कुठं आखूड आहे, दाखवा. डॉक्टरांनी पँट बघितली. एक्सरे बघितला. परत पँट बघितली. मग "हं" म्हणाले. त्या "हं"नं मला घाम फुटला होता. आई छताकडं बघत होती, तिथं काहीही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी एक स्क्रू खरंच निघेना म्हणे, त्याचं डोकं घासलं होतं. असले नट मला माहीत आहेत, त्यांच्यापायी वस्ताद दिवसभर शिव्या देतो. आम्ही बाहेर बसून होतो, आत्या, आई आणि मी. मी बसू शकत नाही. मी त्या लांब, गुळगुळीत बोळात फेऱ्या मारत होतो आणि तिथं मला एक वेडी भीती वाटली. बाबांच्या पावलांचा एक आवाज आहे, एक पाऊल ठाम आणि एक अर्धं, "धप, तक". लहानपणापासून मी त्यावर जगलोय. जिन्यात "धप, तक" आलं की हातातलं लपवायचं ते लपवायचं, रडणं पुसायचं, पुस्तक उघडायचं. कधी मुद्दाम दाराशी जाऊन उभं राहायचं. आता पाय सरळ झाला तर हा माणूस कुणासारखाही चालेल. जिन्यात कुणी आलं तर मला कळणारच नाही कोण येतंय. ही काय भीती आहे? बरं होणाऱ्या माणसाबद्दल? मी आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, घंटा बांधू त्याला गळ्यात. मग बरं वाटलं. आत्याचं बोलणं चावणारं असतं, पण औषधासारखं लागू पडतं.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "माझे स्क्रू मला द्या." ते आता एका काचेच्या बरणीत आहेत, येईल त्याला हलवून दाखवतात. पहिले काही दिवस तर ते खूश होते इतके की सहन होत नव्हतं. टाच मागं ओढताना स्वतःलाच शिकवायचे, "हळू, हळू, हाफ क्लच, आता सोड." व्यायाम घ्यायला येतात त्या ताईंना ते म्हणायचे, तुमची माझी नोकरी एकच, घाबरलेल्या माणसाला शिव्या न देता पुढं न्यायचं. ताई हसायच्या. रविवारपासून हसत नाहीत.

आणि आईचं या आठवड्यात काय चाललं होतं, तर तिनं कपाटातल्या बाबांच्या सगळ्या पँटी एकेक करून काढल्या, डाव्या दुमडी उसवल्या, खाली सोडल्या, इस्त्री केल्या आणि परत होत्या तशा लावून ठेवल्या. म्हणजे बाबा दुसरी कुठलीही घालतील तर दोन्ही सारख्या टेकतील, आणि ते म्हणतील, अरे, सूज उतरली वाटतं, आणि विषय संपेल. झाकली मूठ. पण बाबा दुसरी घालतच नाहीत. त्यांचा जीव त्या एकाच पुराव्यात अडकलाय. आईनं मला कामाला लावलं, दुपारी झोपले की उशीखालनं काढ. मी काल प्रयत्न केला. मनगटापर्यंत हात गेला, कापड लागलं, आणि बाबा झोपेतच म्हणाले, "डावीकडून ओव्हरटेक करू नये." माझा हात तिथंच गोठला. मी शाळेत कधी एवढा घाबरलो नाही.

तर आज सकाळी भांडण इथपर्यंत आलं होतं, वॉकर भिंतीला, आत्या चहाला, मी दाराशी, तेव्हा ताई आल्या. पिशवीतनं ती प्लास्टिकची कोन मोजायची पट्टी काढली, गुडघ्याच्या बाजूला लावली, म्हणाल्या, ओढा. बाबांनी ओढली नाही. ताईंनी हातानं हलकेच ढकलून बघितलं, गुडघा थोडा हलला आणि अडला. म्हणाल्या, रविवारपेक्षा मागं गेलाय, हे मला डॉक्टरांना कळवावं लागेल, आणि मग ते काय म्हणतील तुम्हाला माहीत आहे. बाबा म्हणाले, कळवा, मीही कळवणार आहे. उशीखालनं पँट काढली, आमच्यावर उपकार केल्यासारखी पायात चढवली, काठावर बसून पाय समोर लांब केला आणि म्हणाले, बघा तुम्हीच, तुम्ही शिकलेल्या आहात. बोलताना दोन्ही तळहात त्यांनी गुडघ्यावर झाकून ठेवले होते. आणि तेव्हा मला लख्ख दिसलं. ते चिडलेले नाहीतच. घाबरलेत. चूक डॉक्टरची असेल तर टाच ओढायला नको, दुखणं नको, आणि ओढूनसुद्धा नाही वाकला तर काय, हे बघायला नको. मीही गणिताच्या मास्तरांवर असाच चिडलो होतो.

तोंडाशी आलं होतं. जीभ दातांना लागली होती. पण ते माझं नव्हतं सांगायचं. मी पुढच्या खोलीत गेलो आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. एवढी शांतता आमच्या घरात मी ऐकली नव्हती. आईनं वर बघितलं.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"तुला दम म्हणून नाही," ती म्हणाली. पण उठली. टाके उसवायचं छोटं पातं घेतलं, पदराला हात पुसले आणि आत गेली. मी मागोमाग.

ती बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली. बाबांना वाटलं चेपायला बसली असेल, ते जरा सैलावले. तिनं डावी दुमड उलटी केली आणि पहिला टाका कापला.

"अगं, पुराव्याला हात लावू नकोस."

ती थांबली नाही. टक, टक, एकेक टाका सुटत गेला, आणि आत दुमडून ठेवलेलं कापड खाली उतरलं. गर्द कॉफी रंग, नव्यासारखा, ऊन न लागलेला. बाहेरचा सगळा पाय फिका आणि खाली ती गडद पट्टी. तिनं ती ताणून पावलावर आणली. टेकली. उजव्याला लावून दाखवली. सारखी.

"पाय कुणी लांब नाही केला," आई म्हणाली. "मी आखूड शिवत होते."

"कधीपासून?"

"प्लॅस्टर निघालं तेव्हापासून."

"सगळ्या?"

"सगळ्या. रेनकोटचीसुद्धा."

आत्यानं कप खाली ठेवला. मला वाटलं आता बाबा फुटतील, मी अंग चोरून उभा होतो. त्यांचा चेहरा एकदा लाल झाला, मग उतरला, मग कुठल्यातरी लांबच्या जिन्यात जाऊन बसल्यासारखा झाला. आई खालमानेनं म्हणाली, त्या डॉक्टरनं पाय चांगलाच केला होता, यानंही चांगलाच केलाय, हाड काढलं की थोडं आखूड व्हायचंच, पण तुम्ही पायरीवरनं उठेनात, मला बघवेना. बाबा म्हणाले, "आणि मी जगाला दुमडी दाखवत फिरलो." मग म्हणाले, "दाखव."

आई पट्टी वर धरायला गेली, तर त्यांना ती स्वतः बघायची होती, जवळनं, आतली बाजू. ते वाकले आणि पाय जवळ घेतला. टाच फरशीवरनं मागं सरकली. अजून सरकली. खाटेच्या खाली गेली. ताईंचा हात पट्टीसकट हवेत राहिला. आत्या काहीतरी बोलणार होती, ताईंनी तिच्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी अंगठा त्या घडीच्या रेघेवरनं फिरवला, जिथं टाके होते तिथं बारीक भोकांची ओळ होती.

"टाका बारीक आहे," ते म्हणाले. "दिसत नाही."

"दिसायचा नव्हताच."

मग दुखणं त्यांच्यापर्यंत पोचलं. डोळे विस्फारले, दोन्ही मुठींत गादी आली, तोंडातनं आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. पण पाय त्यांनी सोडला नाही. "थांबा," ते दातांतनं म्हणाले, "कुणी हात लावू नका, धरलाय मी." ताईंनी पट्टी लावली, बघितलं, परत बघितलं. काटकोन नाही झाला म्हणाल्या, पण जवळ आलाय, दुपारी आणि संध्याकाळी असाच ओढलात तर उद्या कुणी भूल देणार नाही. बाबांच्या कपाळावरनं घाम नाकावर आला होता आणि ते हसत होते की रडत होते, ते मला सांगता येणार नाही, बहुतेक हसतच होते. आईला म्हणाले, तू माझ्याशी बोलू नकोस. लगेच म्हणाले, चहा टाक. आत्या म्हणाली, बोलल्याशिवाय कसा टाकेल, साखर किती ते तरी विचारेल ना. आई हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

आणि हसता हसता बाबा थांबले. नजर आईवरनं आत्यावर, आत्यावरनं माझ्यावर आली आणि तिथंच राहिली. आरशात मागची गाडी बघावी तशी.

"तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. खरं बोललो तर कधीपासून, कसं, अजून काय काय माहीत आहे, हे सगळं निघेल, आणि त्यांचा पाय आता वाकतोय, म्हणजे उठून मागं येतील तो दिवस लांब नाही. टायरवाल्या मालकाचा फोन कधीचा वाजतोय. दुकानात गाड्या उभ्या आहेत. मला आता निघायला हवं.